झोळीतले बाळ काय विचार करते?

(आपल्या मिशनच्या वार्षिक सहायक मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती काढून छापले आहे.)



चिटणीसांनी मला दिलेला विषय ‘पाड्यावरील बालकांचा आहार’ असा होता. आहाराबद्दल मी बोलणार आहे, पण जरा पुढे गेल्यावर. त्याआधी कार्यकारिणीच्या मागच्या बैठकीत विचारला गेलेला एक प्रश्न मला घ्यायचा आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या चार पाड्यांवर गेल्या दिवाळीपासून आमच्या ताया दर आठवड्याला तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी जातात. त्यांच्या मानधनाचा विषय निघाला तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, “बालवाडीला पैसे द्या, वसतिगृहाला द्या, ते समजते. पण झोळीतले बाळ खाते, झोपते आणि रडते. त्याच्याकडे जाऊन ताई करणार काय?”

प्रश्न खवचट नव्हता, मनापासूनचा होता. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांनाही तो पडला असता. म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. ‘बाळं देवाघरची फुलं’ असे म्हणून सोडून देण्यासारखा तो नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात लहान मुलांना जवळ घेणाऱ्या येशूचे चित्र असते. त्यात चार-पाच वर्षांची, उभी राहिलेली, गोरी-गोमटी मुले दिसतात. हा प्रसंग मार्क सांगतो आणि लूकही सांगतो. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मात्र मूळ ग्रीक भाषेत ‘ब्रेफोस’ या शब्दाचे रूप आहे. ब्रेफोस म्हणजे तान्हे बाळ. गव्हाणीतल्या बाळासाठी लूकने हाच शब्द वापरला आणि अलीशिबेच्या उदरात उडी मारणाऱ्या बाळासाठीही हाच. म्हणजे शिष्यांनी ज्यांना अडवले ते लोक तान्ही लेकरे घेऊन आले होते. शिष्यांचा हिशेब सरळ होता: या वयाला काय कळते, गुरुजींचा वेळ कशाला घालवायचा? त्याच लूकने दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशू शरीराने वाढला तसा ज्ञानानेही वाढत गेला, अशी नोंद केली आहे. ज्ञानाने वाढायचे तर कुठून तरी सुरुवात झाली असणार. धर्मज्ञानाच्या पदविकेला असताना मी या ओळीवर फारसे थांबले नाही. पाड्यावर काम करू लागल्यापासून थांबते.

आता संशोधनाकडे वळते. ज्याला बोलता येत नाही त्याला प्रश्न विचारायचा कसा, ही या शास्त्राची पहिली अडचण. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी ती घरातच सोडवली. १९२५ ते १९३१ या काळात त्यांना तीन मुले झाली आणि ते वही घेऊन त्यांच्या पाळण्याशेजारी बसले. मूल खेळण्याकडे हात नेत असताना ते खेळणे कापडाखाली लपवायचे आणि मूल काय करते ते लिहायचे. पाच-सहा महिन्यांचे बाळ हात मागे घेई, जणू खेळणे या जगातच उरले नाही. आठ-नऊ महिन्यांचे बाळ कापड ओढून काढी. तेच खेळणे आधी एका उशीखाली आणि मग बाळाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या उशीखाली लपवले, तर वर्षाच्या आतले मूल पुन्हा पहिल्याच उशीकडे जाई. तुमच्या नातवंडांवर हे आज संध्याकाळी करून बघा, गंमत वाटेल. पियाजेंचा निष्कर्ष असा की दिसेनाशी झालेली वस्तू अजून आहे, हे ज्ञान मुलाला जन्मतः नसते. ते ते स्वतःच्या हातांनी आणि चुकांनी हळूहळू उभे करते.

पुढच्या पिढीला यात एक फट दिसली. कापड ओढायला समज लागते, तसे हातांचे कौशल्यही लागते. हात तयार नसतील आणि समज असेल तर? मग संशोधकांनी बाळाला जे आधीपासून उत्तम जमते त्याचा आधार घेतला: बघणे, चोखणे आणि पाय झाडणे. बाळ तेच तेच बघून कंटाळते आणि अनपेक्षित काही दिसले की टक लावून बघत राहते. किती सेकंद बघितले ते मोजायचे. रने बायार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅन्ली वासरमन यांनी १९८५ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांपुढे एक फळी ठेवली. तिच्या मागे एक ठोकळा होता. फळी मागे कलत गेली, ठोकळा तिच्याआड लपला. आणि मग एकदा फळी ठोकळ्याला अडून थांबली, तर एकदा जणू ठोकळा नाहीच अशी थेट आडवी झाली. ही दुसरी, अशक्य गोष्ट बाळांनी जास्त वेळ बघितली. लपलेला ठोकळा त्यांच्या हिशेबात होता, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. सगळ्यांना तो पटलेला नाही. नुसते जास्त वेळ बघणे म्हणजे विचार करणे का, असा वाद अजून चालू आहे. मला हा वाद चालू राहणे चांगलेच वाटते. बाळांच्या नावावर काहीही खपवून पुस्तके आणि महागडी खेळणी विकणारे पुष्कळ आहेत.

चोखण्याचे उदाहरण याहून हृद्य आहे. १९८० मध्ये डिकॅस्पर आणि फायफर या दोघांनी नवजात बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखले की स्वतःच्या आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखले की परक्या बाईचा. जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांनी आपली लय बदलली, ती आईचा आवाज मिळवण्यासाठी.

पाय झाडण्याचे उदाहरण तर आपल्या झोळीच्या फार जवळचे आहे. अमेरिकेत कॅरोलिन रोव्ही-कोलिअर या बाईंचे बाळ फार रडके होते आणि बाईंना अभ्यास पुरा करायचा होता. त्यांनी पाळण्यावर टांगलेल्या चिमण्यांसारख्या खेळण्याची फीत बाळाच्या पायाला बांधली. पाय हलवला की खेळणे नाचे. बाळाला ते कळले आणि आईला तास मिळाला. पुढे याच युक्तीवर त्यांनी आयुष्यभर संशोधन केले. दोन-तीन महिन्यांची बाळे आपल्या पायाचा आणि खेळण्याचा संबंध काही मिनिटांत ओळखतात. तीन महिन्यांच्या बाळाला तो जवळजवळ आठवडाभर लक्षात राहतो. आमच्या पाड्यावर दोरी असतेच, फक्त तिचे दुसरे टोक आईच्या पायाच्या अंगठ्याला असते. ती सुपात नाचणी पाखडता पाखडता झोळी हलवते. आमच्या एका ताईने झोळीच्या दांडीला रिकाम्या करवंट्या टांगल्या आणि एक मऊ चिंधी बाळाच्या पायाला सैल बांधली. आई जवळ बसलेली असेल तेव्हाच हे करायचे, अशी आमची सक्त ताकीद आहे. त्या घरची आजी हसून म्हणाली, “म्हंजे आता पोराच पाळणा हलवील, न् मी बसून बघू?” बघायचेच तर होते.

या वयात बाळाच्या डोक्यात काय घडते? जन्माच्या वेळी मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव असते. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ते साधारण पाऊण होते. पण ही वाढ भोपळ्यासारखी नुसती फुगत जाणारी नाही. जे जोड वापरात राहतात ते पक्के होतात, जे वापरात नाहीत ते सुटतात. याचे मला सर्वात आवडणारे उदाहरण आपल्या ‘त’ आणि ‘ट’चे आहे. व्हँकुव्हरच्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. त्यांनी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता, तरीही. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो ऐकू येईनासा झाला, आणि हिंदी घरातल्या त्याच वयाच्या बाळांना छान ऐकू येत होता. परदेशातून आलेले मिशनरी चाळीस वर्षे मराठीत उपदेश करूनही ‘ताट’ म्हणताना का अडखळतात, त्याचे कारण पहिल्या वाढदिवसाच्या आधीच घडून गेलेले असते.

हे मी गमतीने सांगत असले तरी त्यात एक गंभीर गोष्ट आहे. वारली किंवा कातकरी आईला आपण ‘मुलाशी शुद्ध मराठीत बोला’ असे सांगतो. शहरातल्या आपल्या मंडळीतही आजी-आजोबांना ‘बाळाशी इंग्रजीतच बोला’ असे बजावले जाते. नका सांगू. आई ज्या भाषेत रागावते, हसते आणि देवाला हाक मारते तीच भाषा बाळाला भरपूर मिळू द्या. पाड्यावरची आई आपल्या बोलीची लाज वाटून बाळाशी गप्प राहिली, तर बाळाच्या वाट्याला ना शुद्ध भाषा येते, ना अशुद्ध.

वर्षाच्या पुढे मुलाच्या मनात आणखी एक दार उघडते. १९९७ मध्ये बेटी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांनी कॅलिफोर्नियात मुलांपुढे दोन वाट्या ठेवल्या. एकीत बिस्किटे, दुसरीत कच्ची ब्रोकोली, म्हणजे हिरव्या फ्लॉवरसारखी भाजी. मुलांना अर्थातच बिस्किटे आवडली. बाईंनी मात्र चेहऱ्यावर दाखवले की मला भाजीच आवडते, बिस्किटे नकोत. मग हात पुढे करून म्हणाल्या, मला दे. चौदा महिन्यांच्या मुलांनी त्यांना बिस्किटे दिली, म्हणजे स्वतःला आवडते ते. अठरा महिन्यांच्या मुलांनी त्यांना भाजी दिली. चार महिन्यांत मुलाला कळले की समोरच्याची आवड माझ्याहून वेगळी असू शकते. मंडळीतल्या आपल्या काही सभा आठवल्या तर ही केवढी मोठी मजल आहे, ते तुमच्या ध्यानात येईल.

याच सुमारास मूल खोटे-खोटे खेळू लागते. जे समोर नाही ते मनात धरून ठेवता येते, तेव्हाच दगडाची भाकरी होऊ शकते. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर शहरातून आलेल्या एका स्वयंसेविकेने अडीच वर्षांच्या मुलीपुढे प्लॅस्टिकचे ठोकळे आणि चित्रांचे पुस्तक ठेवले. चित्रात जिना होता, कपबशी होती, फ्रीज होता. मुलगी काही बोलली नाही. स्वयंसेविकेने वहीत ‘मंद’ असे लिहिले. ती गेल्यावर मी तिथेच बसले होते. मुलीने तीन दगड मांडले, त्यावर डबीचे झाकण ठेवले, झाकणात माती घातली, काटकीने ढवळली, फुंकर मारली, आणि थोडी माती पानावर काढून माझ्यापुढे ठेवली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चूल, भांडे, शिजणे, गरम असणे, पाहुणा आणि पाहुण्याचे मत, एवढे सगळे त्या डोक्यात जागेवर होते. जिना तेवढा नव्हता, कारण त्या पाड्यावर जिनाच नाही.

म्हणून आदिवासी मुले मुळातच मागे असतात असे कुणी म्हटले, अगदी कळवळ्याने म्हटले, तरी ते मान्य करू नका. मोजमाप करायचे असेल तर माप आपल्या मातीतले हवे. हे आपल्या देशात फार पूर्वी ओळखले गेले. बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी १९७० च्या सुमारास महिन्याच्या बाळापासून अडीच वर्षांच्या मुलापर्यंत भारतीय बाळांच्या वाढीचा अभ्यास केला आणि परदेशी चाचण्या इथल्या मुलांसाठी बेतून घेतल्या. त्यातूनच पुढे आपल्या रुग्णालयांत वापरली जाणारी भारतीय बालविकास मापनश्रेणी तयार झाली.

आता आहार. आपल्या मिशनने वर्षानुवर्षे दूधभुकटी, खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू दिले आहेत. ते चुकीचे नाही. उपाशी आणि रक्त कमी असलेले बाळ जगाकडे बघायचेच कमी करते; लोह कमी पडले तर त्याचा परिणाम शिकण्यावर होतो, हे पक्के ठाऊक आहे. तरीही मी तुम्हाला जमैकाची गोष्ट सांगणार आहे, कारण आपल्या पैशांचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२९ मुले निवडली. वय नऊ महिने ते दोन वर्षे, आणि सगळी खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दूधभुकटी. दुसऱ्या गटाच्या घरी दर आठवड्याला एक तास आरोग्यसेविका जाऊन आईला बाळाशी खेळायला आणि बोलायला शिकवी. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला यातले काही नाही, फक्त औषधोपचार. हे दोन वर्षे चालले. त्या सेविका वस्तीतल्याच साध्या शिकलेल्या बाया होत्या, आणि खेळणी बाटल्या, डबे, पुठ्ठे यांचीच केलेली. एक खेळणे घरी ठेवायचे आणि पुढच्या आठवड्यात बदलून द्यायचे.

दोन वर्षांनी दूध मिळालेल्या मुलांची प्रगती दिसली, खेळ मिळालेल्यांचीही दिसली, आणि दोन्ही मिळालेली मुले तर न खुरटलेल्या मुलांच्या जवळ जाऊन पोहोचली. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. संशोधकांनी त्या मुलांची पाठ सोडली नाही. शाळेच्या वयात दुधाचा बुद्धीवरचा फायदा ओसरलेला आढळला, खेळाचा टिकला. मुले बाविशीची झाली तेव्हा ज्यांच्या घरी सेविका जात होती त्यांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर आपल्या ओडिशात, कटकच्या झोपडवस्त्यांत गृहभेटींचा प्रयोग झाला आणि तिथेही मुलांच्या समजुतीत वाढ दिसली.

मनुष्य आणि भाकरी यांच्याबद्दलचे वचन इथे जोडून देण्याचा मोह कोणत्याही उपदेशकाला होईल. उपाशी बाळाच्या बाबतीत ते कुणी वापरू नये. माझे म्हणणे दूध बंद करा असे नाही. दूध पोहोचवायला जी ताई चार किलोमीटर चालत जाते, तिने पिशवी दारात ठेवून परत फिरू नये, तासभर बसावे; आणि त्या तासाचे मानधन आपण तिला द्यावे, एवढेच म्हणणे आहे.

आता काही जण म्हणतील, आया काय बाळांशी बोलत नाहीत? बोलतात. पाड्यावरची आई बाळाला अंगाला लावून असते, यात ती आपल्यापेक्षा चांगलीच आहे. अडचण दिवाळीनंतर सुरू होते. भात कापून झाले की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कुटुंबेच्या कुटुंबे ठाणे, भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिथे पहाटे दोन-तीनला विटा पाडायला सुरुवात होते. गेल्या फेब्रुवारीत अशा एका भट्टीवर मी नऊ-दहा महिन्यांचे एक बाळ बघितले. ताडपत्रीच्या खोपीत गोणपाटावर पडलेले, डोळे उघडे. मी वाकले, बोलले, टाळी वाजवली. त्याने माझ्याकडे बघितले आणि नजर काढून घेतली. रडले नाही. शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, लई शहाणं आहे, अजिबात त्रास देत नाही.

हे शहाणपण मला घाबरवते. एड ट्रॉनिक यांचा एक प्रयोग आहे, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला. आई बाळाशी नेहमीसारखी बोलते, हसते. मग दोन-तीन मिनिटे चेहरा दगडासारखा स्थिर ठेवते. बाळ आधी हसून बघते, हात पसरते, आवाज काढते, आईला परत आणण्यासाठी जे जे येते ते सारे करते. नाहीच जमले तर तोंड फिरवते आणि गप्प होते. प्रयोगात आई लगेच परत येते. भट्टीवर बारा तास विटा पाडून आलेल्या बाईचा चेहरा थकव्याने स्थिर झालेला असतो आणि तो परत यायला रात्र पुरत नाही. तिला दोष देणारा माणूस त्या भट्टीवर एक दिवसही उभा राहिलेला नसतो. आणि थकव्याचे निमित्त नसलेला स्थिर चेहरा बघायचा असेल तर हातात मोबाइल घेतलेल्या आपल्याच घरातल्या सोफ्याकडे बघावे.

बाळाच्या हाकेला कुणीच उत्तर दिले नाही तर काय होते, हे रुमानियात जगाने बघितले. १९८९ मध्ये तिथली राजवट कोसळली तेव्हा अनाथालयांत हजारो मुले सापडली. तिथे गेलेल्यांना खोल्यांतल्या शांततेने धक्का बसला. रडून कुणी येत नाही हे शिकलेली बाळे रडत नव्हती. २००० पासून चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधल्या १३६ मुलांचा अभ्यास केला. त्यातली निम्मी मुले चिठ्ठ्यांनी निवडून पालक-कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी सावरली, आणि वयाची दोन वर्षे भरण्याच्या आसपास किंवा त्याआधी जी गेली ती अधिक सावरली. भट्टी म्हणजे अनाथालय नव्हे, आई तिथेच आहे, रात्री कुशीत घेते. पण दोन वर्षांचा हिशेब तिथेही लागू आहे, आणि त्यातले दोन हंगाम भट्टीवर जातात.

प्रयोगशाळेतल्या बाळांबरोबर बहुधा आई असते. आमच्या बाळाचा दिवस बहुधा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कमरेवर जातो. ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्दच तिथून आला. मोठी मुलगी धाकट्याला सोडून येऊ शकत नाही, हे बघून पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली. आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर हे सगळे घडलेले आहे.

तेव्हा आमच्या ताया आता त्या बहिणींनाही शिकवतात. लपवाछपवी कशी खेळायची, बाळाने ‘बा’ म्हटले की आपणही ‘बा’ म्हणून थांबायचे, घास भरवताना चिऊ-काऊ कसे आणायचे. बहिणीला हे खेळायला आवडतेच, ती स्वतःही लहान आहे. पण तिला बाळ सांभाळायला शिकवून तिची शाळा आपणच बुडवतो की काय, हा प्रश्न मला छळतो. म्हणून कार्यकारिणीपुढे दोन मागण्या ठेवल्या आहेत. चार तायांचे मानधन बाराही महिने मिळावे. आणि येत्या हंगामात निदान एका भट्टीवर, मालकाशी बोलून, सावलीची एक खोली घेऊन पाळणाघर चालवावे, म्हणजे बाळ तिथे राहील आणि बहीण भट्टीजवळच्या शाळेत जाईल. मालक तयार होईल का? एकाशी बोलणे झाले आहे. तो नाही म्हणाला नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आमच्या कामाचा परिणाम आकड्यांत सांगा, असे मला निघताना सुचवले होते. चार पाड्यांवरून आणि एका वर्षावरून निष्कर्ष काढायचा नसतो, त्यामुळे आकडे मी देणार नाही. बडोद्याच्या मापनश्रेणीचे प्रशिक्षण घेतलेल्या एका डॉक्टर भगिनी वर्षातून दोनदा येऊन मुले तपासायला तयार झाल्या आहेत. तीन वर्षांनी विचारा.

शेवटी वस्तूंबद्दल, कारण नाताळच्या आधी खोकी यायला लागतात. बॅटरीवर चालणारी, गाणारी, दिवे लागणारी खेळणी कृपा करून पाठवू नका. ती स्वतःच सगळे करतात आणि बाळाला काही करायला ठेवत नाहीत. शिवाय पाड्यावर बॅटरी संपली की संपली. आम्हाला हवेत रिकामे प्लॅस्टिकचे डबे-बरण्या, स्वच्छ धुतलेले, एकात एक बसणारे असतील तर फारच छान, जुन्या सुती साड्या, जाड पुठ्ठा, रंगीत कापडाचे तुकडे. महिला मंडळाच्या भगिनींनी चिंध्यांचे चेंडू शिवून दिले तर ते मी स्वतः घेऊन जाईन. बरण्या देताना झाकणे काढून टाकू नका, दर वेळी कुणीतरी काढते. झाकण उघडणे आणि लावणे हाच तर खेळ आहे. फक्त बाळाच्या तोंडात मावेल एवढे लहान झाकण नको.